डोंगरावरची धाव आणि सडकेवरची धाव

मंडळी, धावणे कोणाला ठाऊक नाही? सुटलेल्या गुरामागे आपण धावतो. एस.टी. निघून जाऊ नये म्हणून धावतो. अवकाळी पाऊस आला की खळ्याकडे धावतो. पण नुसत्या धावण्यासाठी धावणारी माणसेही जगात पुष्कळ आहेत. दिवसभर आपापले काम करायचे आणि फावल्या वेळात धावायचे, असा त्यांचा नेम असतो. इंग्लंड देशात अशा माणसांची गावोगाव मंडळे आहेत. आपल्याकडे भजनी मंडळ असते, तालीम असते, तसेच हे धावणाऱ्यांचे मंडळ. ही मंडळे कशी चालतात आणि त्यांच्या शर्यती कशा होतात, ते आज पाहू.

मंडळ म्हणजे काय?

मंडळात कोण असते? गवंडी असतो, शिक्षक असतो, पोस्टमन असतो. दवाखान्यात काम करणारी परिचारिका असते. मेंढपाळही असतो. सगळे दर वर्षी थोडी वर्गणी भरतात. एक चिटणीस असतो, एक खजिनदार असतो. आठवड्यातून एकदोनदा संध्याकाळी सगळे जमतात आणि मिळून धावतात. नवखा मागे पडला तर जुना गडी त्याच्यासाठी थांबतो.

प्रत्येक मंडळाच्या बनियनचा रंग ठरलेला असतो. शर्यतीत लांबूनच कळते, हा गडी कोणत्या मंडळाचा.

पुष्कळ मंडळांच्या नावात ‘हॅरियर्स’ असा शब्द असतो. हॅरियर म्हणजे सशामागे धावणारा शिकारी कुत्रा. हे नाव कसे पडले? पूर्वी तिकडची पोरे एक खेळ खेळत. एकाने ससा व्हायचे. त्याने कागदाचे कपटे टाकत पुढे पळायचे. बाकीच्यांनी कुत्रे व्हायचे आणि कपट्यांचा माग काढत त्याला गाठायचे. या खेळातूनच रानावनातून धावण्याच्या शर्यती निघाल्या. लंडनचे असे एक मंडळ १८६८ साली सुरू झाले. त्याच्या नावातच ससा आणि कुत्रा दोन्ही आहेत!

सडकेवरची शर्यत

शर्यती दोन तऱ्हेच्या. एक सडकेवरची, दुसरी डोंगरावरची.

सडकेवरच्या शर्यतीत अंतर नीट मोजलेले असते. कुठे ५ किलोमीटर, कुठे १०. अर्धी मॅरेथॉन २१ किलोमीटरच्या थोडी वर. पुरी मॅरेथॉन ४२ किलोमीटर आणि १९५ मीटर. हा १९५ मीटरचा आकडा लंडनच्या १९०८ सालच्या ऑलिंपिकपासून आला.

सडक डांबरी असते. वाट चुकण्याचे भय नाही. वळणावळणावर माणूस उभा असतो. वाटेत पाणी मिळते. म्हणून इथे सगळा हिशेब घड्याळाचा. गेल्या वर्षी ५० मिनिटे लागली, यंदा ४८ लागली, म्हणजे प्रगती झाली. पहिला येणारा एकच असतो. बाकीच्यांची शर्यत स्वतःच्याच जुन्या वेळेशी असते.

डोंगरावरची शर्यत

आता डोंगराकडे वळू. इंग्लंडच्या उत्तरेला डोंगराला ‘फेल’ म्हणतात. हा परीक्षेतला फेल नव्हे बरे का! हा जुना शब्द आहे. हजार वर्षांमागे समुद्रापलीकडून तिकडे लोक येऊन वसले. त्यांच्या बोलीतून तो आला.

हे डोंगर आपल्या सह्याद्रीएवढे उंच नाहीत. इंग्लंडमधले सगळ्यांत उंच शिखर स्काफेल पाइक. त्याची उंची ९७८ मीटर. आपली कळसूबाई १६४६ मीटर. पण नुसत्या उंचीवर जाऊ नका. त्या डोंगरांवर झाडे थोडी आणि दगड फार. मध्येच पाय रुतेल अशी दलदल. भर उन्हाळ्यातसुद्धा गार वारा सुटतो, पाऊस कोसळतो. घटकाभरात असे धुके उतरते की दहा पावलांवरचे दिसत नाही.

अशा डोंगरावर धावण्याची चाल जुनी आहे. ग्रासमिअर नावाच्या गावी दर वर्षी उन्हाळ्यात मोठा खेळांचा मेळा भरतो. आपल्या जत्रेसारखाच म्हणा ना. तिथे कुस्त्या होतात, कुत्र्यांच्या शर्यती होतात. आणि डोंगरावर चढून उतरण्याची माणसांचीही शर्यत होते. पूर्वी या शर्यतीत प्रवाशांना डोंगर दाखवणारे वाटाडे धावत. म्हणून तिला वाटाड्यांची शर्यत असेच नाव पडले.

या शर्यतींच्या जाती ठरवल्या आहेत. पहिली जात सगळ्यांत कठीण. तिच्यात दर किलोमीटरला निदान ५० मीटर चढ लागतो. दुसरीत निदान २५ मीटर, तिसरीत निदान २० मीटर. सडकेचा भाग किती असावा, तेही ठरलेले आहे. पहिल्या जातीत तो शेकडा २० पेक्षा जास्त चालत नाही. धावणाऱ्याने नुसती जात वाचली तरी पुढे काय वाढून ठेवले आहे, ते त्याला कळते.

चढावे कसे, उतरावे कसे?

तुम्ही म्हणाल, डोंगर काय धावत चढतात? खरे सांगायचे तर खड्या चढणीवर भलेभले गडीही चालतातच. ते पुढे वाकतात, दोन्ही हात मांड्यांवर दाबतात आणि लहान लहान पावले टाकतात. मोठी ढेंग टाकली की दम लवकर जातो. डोक्यावर ओझे घेऊन घाट चढणाऱ्या आपल्या बायांना हे कोणी शिकवावे लागत नाही.

चढणीत धाप लागते, पण शर्यत पुष्कळदा उतारावर जिंकली जाते. उतरताना भित्रा माणूस मागे रेलतो. तो पाय घसरून पडतो. जाणता माणूस अंग किंचित पुढे झुकवतो, पावले लहान आणि भरभर टाकतो, हात बाजूला पसरून तोल सांभाळतो. त्याची नजर पायाशी नसते. पुढची तीनचार पावले कुठे पडायची, ते ती शोधत असते. उतरताना मांड्यांच्या स्नायूंना गाडीच्या ब्रेकचे काम करावे लागते. म्हणून दुसऱ्या दिवशी जिना उतरतानाही मांड्या भरून येतात.

बूटही निराळे असतात. सडकेच्या बुटाचा तळ मऊ असतो, कारण डांबर पायाला हादरे देते. डोंगराच्या बुटाच्या तळाला रबराची टोके असतात. ती चिखलात रुततात आणि पाय धरून ठेवतात.

जिवाची काळजी

मंडळी, आता मुख्य गोष्ट सांगतो. ती नीट वाचा.

डोंगरात माणूस धावतो तेव्हा त्याचे अंग तापते. घाम येतो. कपडे भिजतात. धावणे चालू आहे तोवर ठीक. पण पाय मुरगळला, माणूस बसला, वर वारा आणि पाऊस आला, तर काय होईल? अंगातली ऊब झपाट्याने निघून जाते. आधी हुडहुडी भरते. मग बोटे वळत नाहीत. बोलणे अडखळते. डोके चालत नाही. आपल्याला काही झाले आहे, हेही त्या माणसाला उमगत नाही. त्याला गाठून वेळेवर ऊब दिली नाही, तर तो प्राणाला मुकतो. अशी माणसे डोंगरात गेलेली आहेत. त्यांत चांगले तयारीचे गडीही होते.

म्हणून या शर्यतींचे नियम कडक आहेत. लांबच्या आणि कठीण शर्यतीत प्रत्येकाने पाठीवर किंवा कमरेला छोटी पिशवी बांधावी लागते. तिच्यात काय काय हवे? पाऊस आत न शिरणारा सदरा आणि विजार. टोपी आणि हातमोजे. नकाशा आणि होकायंत्र. एक शिट्टी. आणि अडचणीला खाण्यापुरता खाऊ. शर्यतीआधी या पिशव्या उघडून पाहतात. एखादी वस्तू कमी असली तर त्या माणसाला धावू देत नाहीत. मग तो कितीही नामांकित असो.

दुसरा नियम मोजणीचा. प्रत्येकाच्या छातीवर आकडा लावलेला असतो. निघताना किती गेले, ते मोजतात. वाटेत शिखरांवर मंडळाची माणसे वारापाऊस खात बसलेली असतात. समोरून गेलेल्या प्रत्येकाचा आकडा ती कागदावर टिपून घेतात. शेवटी खाली किती आले, ते पुन्हा मोजतात. गेलेले आणि आलेले यांचा मेळ बसला पाहिजे. एक जरी कमी भरला, तरी कोणी घरी जात नाही.

तिसरा नियम सगळ्यांत साधा आणि सगळ्यांत मोलाचा. ज्याने शर्यत मध्येच सोडली, त्याने शेवटच्या ठिकाणी येऊन तसे सांगितलेच पाहिजे. समजा, एक गडी दमला. त्याला लाज वाटली. तो कोणाला न सांगता दुसऱ्या वाटेने उतरून घरी गेला आणि चहा पीत बसला. इकडे हिशेबात एक माणूस कमी. मग डोंगरात शोध सुरू होतो. हे शोधणारे पगारी नोकर नसतात. तीही गावचीच माणसे. आपली कामे टाकून ती बिनमोल येतात, रात्रभर धुक्यात हाका मारत फिरतात. एकाच्या लाजेपायी दहा जणांचे जीव टांगणीला लागतात.

शर्यत सोडण्यात कमीपणा नाही. न सांगता जाण्यात आहे. हे तिथल्या पोरांना पहिल्या दिवसापासून शिकवतात.

एकट्याचे नव्हे, सगळ्यांचे

धावणे एकट्याचे खरे, पण जिंकते मंडळ. कसे ते पहा. जो ज्या क्रमांकाने येईल, तेवढे त्याचे गुण. प्रत्येक मंडळाच्या पहिल्या काही गड्यांच्या गुणांची बेरीज करतात. ज्याची बेरीज कमी, ते मंडळ जिंकले.

समजा, तिघांची बेरीज धरायची आहे. एका मंडळाचे गडी पहिले, सातवे आणि बारावे आले. बेरीज झाली २०. दुसऱ्या मंडळाचे दुसरे, पाचवे आणि नववे आले. बेरीज झाली १६. म्हणजे पहिला नंबर पहिल्या मंडळाचा, पण शर्यत दुसऱ्या मंडळाने मारली! म्हणून नवव्या माणसालाही जीव तोडून धावावे लागते. त्याच्या एका पावलावर सगळ्यांचे यश अवलंबून असते.

वयाप्रमाणेही गट असतात. चाळिशीच्या पुढचे, पन्नाशीच्या पुढचे, साठीच्या पुढचे. साठ वर्षांचा म्हातारा पंचविशीच्या पोराशी झुंजत नाही. तो आपल्या वयाच्या माणसांशी झुंजतो. बक्षिसे फार मोठी नसतात. शर्यत संपली की गावच्या सभागृहात बसून गरम चहा आणि घरचे गोडधोड खायचे, यातच लोकांना आनंद असतो.

बेचाळीस शिखरांचा फेरा

केझिक नावाच्या गावी बॉब ग्रॅहम म्हणून एक गृहस्थ होते. प्रवाशांना उतरायला जागा देणे हा त्यांचा धंदा. १९३२ सालच्या जून महिन्यात ते गावच्या चौकातून निघाले आणि एका दिवसात ४२ शिखरे पालथी घालून परत त्याच चौकात आले. वेळ लागली २३ तास ३९ मिनिटे. पायांत साधे टेनिसचे बूट होते. खायला पाव-लोणी, उकडलेली अंडी आणि फळे होती.

हा फेरा सुमारे १०६ किलोमीटरचा आहे. त्यातला सगळा चढ मिळवला तर सुमारे ८,२०० मीटर भरतो. म्हणजे कळसूबाईवर कळसूबाई अशा पाच रचल्या तर होईल तेवढा! पुढे २८ वर्षे कोणाला हे जमले नाही. १९६० साली ॲलन हीटन यांनी तो २४ तासांच्या आत पुरा केला. आता दर वर्षी अनेक जण हा फेरा करतात.

या फेऱ्याला रोख बक्षीस नाही. नियम मात्र एक आहे. प्रत्येक शिखरावर धावणाऱ्याबरोबर दुसरा कोणी साक्षीला हवा. म्हणून मंडळातले सोबती पाळीपाळीने बरोबर धावतात. कोणी पाणी वाहतो, कोणी अंधारात वाट दाखवतो. आज मी तुझ्या सोबत येतो, उद्या तू माझ्या सोबत ये. आपल्याकडे पेरणीला सावड करतात, तसेच हे.

१९८२ साली त्याच भागातल्या बिली ब्लँड यांनी हा फेरा १३ तास ५३ मिनिटांत केला. ३६ वर्षे तो विक्रम टिकला. मग २०१८ साली स्पेनचा किलियन जोर्नेट आला. त्याने १२ तास ५२ मिनिटांत फेरा पुरा केला. त्याला वाट कोणी दाखवली? तिथल्याच गड्यांनी! आणि चौकात त्याच्या स्वागताला कोण उभे होते? खुद्द बिली ब्लँड. आपला विक्रम मोडणाऱ्याचा त्यांनी हात धरला.

मेंढपाळ जॉस नेलर

आता एका मेंढपाळाची गोष्ट ऐका. जॉस नेलर यांचा जन्म १९३६ साली वासडेल खोऱ्यात झाला. ते डोंगरात मेंढ्या राखत. लहानपणापासून त्यांना पाठीचे दुखणे होते. तरुणपणी मणक्याची शस्त्रक्रिया झाली. असा माणूस धावेल, असे कोणाला वाटले नसते. पण १९६० साली ते कामाचे जड बूट घालूनच शर्यतीत उतरले.

१९७५ साली त्यांनी २४ तासांच्या आत ७२ शिखरे केली. १९८६ साली पन्नाशी गाठली असताना त्या भागातली २१४ शिखरे सात दिवस आणि दीड तासाच्या आत पालथी घातली. ७० वर्षे पुरी झाली तेव्हा, २००६ साली, वयाच्या प्रत्येक वर्षाला एक याप्रमाणे ७० शिखरे केली. धावण्यापायी मेंढ्या राखणे मात्र त्यांनी सोडले नव्हते. २०२४ साली ते वारले. तेव्हा ते ८८ वर्षांचे होते.

बाया आणि डोंगर

फार वर्षे बायांना या शर्यतीत घेत नसत. बायांना एवढे सोसणार नाही, असे पुरुष म्हणत. स्कॉटलंडात बेन नेव्हिस हा १३४५ मीटर उंचीचा डोंगर आहे. समुद्राकाठच्या गावातून निघून त्याच्या माथ्याला जाऊन परत येण्याची शर्यत तिथे होते. १९५५ साली कॅथलीन कोनोची ही १६ वर्षांची मुलगी शर्यतीला आली. अधिकारी नाही म्हणाले. मग पुरुष निघून गेल्यावर काही मिनिटांनी ती मागून निघाली. तीन तास आणि दोन मिनिटांत ती परत आली. आता बोला!

१९७७ साली जीन डॉझ या बाईंनी बेचाळीस शिखरांचा फेरा पुरा केला. तो करणाऱ्या त्या पहिल्या बाई.

अलीकडची गोष्ट तर आणखी नवलाची. जॅस्मिन पॅरिस या जनावरांच्या डॉक्टर आहेत. २०१९ सालच्या जानेवारीत, ऐन थंडीत, त्या ४३१ किलोमीटरच्या शर्यतीत उतरल्या. घरी तान्ही मुलगी होती, अजून अंगावर पिणारी. वाटेतल्या विसाव्याच्या ठिकाणी त्या बाळासाठी दूध काढून ठेवत आणि पुढे निघत. ८३ तास १२ मिनिटांत त्या पोहोचल्या. बायांत पहिल्या? नव्हे. बाया आणि पुरुष मिळून सगळ्यांत पहिल्या.

आपल्याकडे काय?

हे सारे वाचून कोणी म्हणेल, हे तिकडचे कौतुक, आपल्याला काय त्याचे? तसे नाही. आष्टी तालुक्यातल्या मांडवा गावचा अविनाश साबळे शेतकऱ्याचाच मुलगा. २०२२ साली इंग्लंडमधल्याच बर्मिंगहॅम शहरी राष्ट्रकुल खेळ झाले. तीन हजार मीटरच्या अडथळ्यांच्या शर्यतीत त्याने रुपेरी पदक मिळवले. सोन्याचे पदक किती फरकाने हुकले? एका सेकंदाच्या विसाव्या भागाने! सातारच्या घाटात २०१२ सालापासून अर्ध्या मॅरेथॉनची शर्यत होते. चढणीच्या वाटा आपल्याकडे थोड्या नाहीत.

आणि रोज पहाटे तुमच्याच गावच्या सडकेवर पोरे-पोरी धावताना दिसतात ना? कोणी पोलीस भरतीसाठी, कोणी सैन्यात जाण्यासाठी. भरती झाली की नाही, एवढेच आपण त्यांना विचारतो. त्यांचे एखादे लहानसे मंडळ का होऊ नये? त्याला पैसा फार लागत नाही. एक वही लागते. आज कोण कोण आले, कोण कुठल्या वाटेने गेले, ते तिच्यात लिहावे. अंधारात पांढरे कपडे घालावे. समोरून येणारी गाडी दिसेल अशा बाजूने धावावे. दमलेल्यासाठी एकाने थांबावे. आणि उजाडल्यावर सगळे परत आले का, ते मोजावे.

भरती एखाद्याची होईल, एखाद्याची होणार नाही. पण ज्याची झाली नाही, त्यालाही दुसऱ्या दिवशी पहाटे कोणीतरी हाक मारील. मंडळ असते ते याचसाठी.